एक विसा, दोन विसा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की आमच्या घरात ठाण्याच्या बाल्कनीतली मोठी बॅग खाली उतरते आणि मुलं तिच्यात जाऊन बसतात. कपडे भरायचे तर आधी मुलांना बाहेर काढावं लागतं. प्रवासातली पहिली फजिती ही अशी घरातच होते. माझ्या माहेरी जायचं असतं, कुडाळला. आज मला तुम्हाला अशाच एका प्रवासाबद्दल सांगायचं आहे. थोरलीला पाच वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा नऊ दिवस कमी होते आणि धाकटा तीन वर्षांचा होता. यजमानांना रजा नव्हती, म्हणून मी एकटीच दोघांना घेऊन निघाले होते. सकाळची मांडवी एक्स्प्रेस, स्लीपरचा डबा.

लहान मुलांच्या तिकिटाचा नियम बहुतेकांना माहीत असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतलं मूल आईच्याच बर्थवर बसणार असेल तर अर्धं तिकीट. त्यामुळे जाताना थोरलीला तिकीट नव्हतं. येताना वाढदिवस होऊन गेलेला असणार, म्हणून परतीचं अर्धं तिकीट मी काढून ठेवलं होतं. हिशेब चोख होता. पण तो मी तिला समजावून सांगितलेला नव्हता.

टीसी आले. समोरच्या आजींचं तिकीट पाहिलं, खिडकीजवळच्या काकांचं पाहिलं, माझं पाहिलं. थोरली हात पुढे करून उभी राहिली, "माझं?" मी म्हटलं, "तुला लागत नाही बाळा, तू लहान आहेस." झालं. असा टाहो फोडला की शेजारच्या कप्प्यातली माणसं डोकावून गेली. "सगळ्यांना आहे, मलाच नाही! मला खाली उतरवतील!" धाकट्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण ताई रडते म्हणून त्यानेही सूर लावला.

त्या टीसींचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली, कोरं पान फाडलं, तिचं नाव विचारून लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाले, "हे घे. तुझ्याकडे काम आहे. या गाडीने जाताना किती बोगदे लागतात ते मोजायचं." रडणं जागच्या जागी थांबलं. कागद छातीशी धरून ती खिडकीला चिकटली.

आता कोकण रेल्वेवर बोगदे मोजायचे म्हणजे केवढं काम! रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा हा सुमारे ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला आणि त्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. आम्हाला कुडाळपर्यंतच जायचं होतं, तरी काम कमी नव्हतं. शिवाय अडचण अशी की थोरलीला वीसपर्यंतच आकडे येत होते.

त्याआधी आणखी एक प्रश्न निघाला. ठाणं सोडलं की लगेच कळवा-मुंब्य्राच्या मध्ये पारसिकचा बोगदा लागतो. तो टीसी येण्याआधीच मागे पडला होता. तो धरायचा का? खिडकीजवळचे काका निवृत्त शिक्षक होते, त्यांनी गंभीरपणे निकाल दिला, "पारसिकचा बोगदा १९१६ सालचा. या सगळ्यांत वडीलधारा. त्याला वगळून कसं चालेल?" मग त्याच्यापासून मोजणी सुरू झाली.

श्रोतेहो, मुलं बरोबर असली की डब्यातली माणसं परकी राहत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. एकटी प्रवास करते तेव्हा शेजारच्या बाईचं गाव कोणतं हेही मला कळत नाही. त्या दिवशी पेण येईपर्यंत मला कळलं होतं की समोरच्या आजी कणकवलीला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या आहेत, गुजराती जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गोव्याला चाललं आहे आणि वरच्या बर्थवरच्या दोन कॉलेजकुमारांपैकी एकाचा निकाल त्याच संध्याकाळी लागणार आहे. हे सगळं कोणी मला आपणहून सांगितलं नव्हतं. थोरलीने प्रत्येकाला विचारलं होतं, "तू कुठे चाललास आणि का?"

धाकटा मात्र वेगळ्याच नादात होता. मांडवी खाण्यासाठी नावाजलेली गाडी. चहा गेला की कटलेट येतं, कटलेट गेलं की ऑम्लेट-पाव, मग वडे. प्रत्येक विक्रेत्याची हाक वेगळी, आणि तो प्रत्येक हाक तोंडपाठ करत होता. माणगावच्या आसपास मी थोरलीची वेणी घालत होते. त्या पाच मिनिटांत त्याने माझ्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात माझ्या आईसाठी केलेले बेसनाचे लाडू होते, बरोबर वीस. मागे वळून पाहते तर हा मधल्या वाटेत उभा आणि हाक चाललेली, "लाडूऽऽ गरम! लाडूऽऽ गरम!" कोणी गमतीने हात पुढे केला की हा लाडू ठेवून पुढे. पैसे मागायचे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. मी पोहोचले तेव्हा तो पाचव्या कप्प्यात होता आणि डब्यात दोन लाडू उरले होते. त्यातला एक त्याने मला दिला. उरलेला स्वतः खाल्ला.

मला खरंच वाईट वाटलं. रात्री अकरापर्यंत जागून भाजलेलं बेसन होतं. माझा चेहरा पाहून कणकवलीच्या आजी म्हणाल्या, "असूं दे गो बाय. एक विसा लाडू लोकांच्या तोंडात गेले, वाया नाय गेले."

"एक विसा म्हणजे काय?" थोरलीने लगेच विचारलं.

आजींनी सांगितलं, वीस म्हणजे एक विसा. चाळीस म्हणजे दोन विसा. पूर्वी आमच्याकडे असेच मोजायचे. तुला वीसपर्यंत येतं ना, मग तुला सगळं येतं. वीस झाले की पोरी, एक बोट मिटायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. वीसच्या पुढे अडलेली माझी मुलगी त्या क्षणी जगातली कुठलीही गोष्ट मोजायला मोकळी झाली. तिने खिडकीच्या गजाला धरून एक बोट मिटलं. बालवाडीत जे कुणी अशा युक्तीने सांगितलं नव्हतं ते गाडीत, एका आजीने, लाडवांच्या निमित्ताने शिकवलं. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

आणि मग चिपळूण गेल्यावर ती वेळ आली, जी प्रत्येक आईला माहीत आहे. थोरलीने सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आई, मला शीऽऽ आली!" धाकट्याला काकांच्या मांडीवर दिलं आणि आम्ही संडासाकडे पळालो. रांग होती. आमचा नंबर लागला, तिला कशीबशी धरून बसवलं आणि नेमका बाहेर अंधार झाला. गाडीचा आवाज एकदम घुमायला लागला. थोरलीने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आई, हा मोजायचा का?"

तो साधासुधा बोगदा नव्हता, करबुड्याचा होता. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधला, साडेसहा किलोमीटर लांबीचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत मोठा. एवढा लांब की थोरलीचं सगळं आटोपलं, हात धुऊन झाले, तरी तो संपेना. आम्ही जागेवर परत आलो तेव्हा कप्प्यात वाद पेटला होता. वरचा मुलगा म्हणाला, खिडकीतून पाहिला नाही, मग कसा धरायचा? गुजराती काकू म्हणाल्या, अंधार तर झाला ना, मग झाला बोगदा. शिक्षककाका म्हणाले, साक्षीदार पाहिजे, आई होती, आई साक्षीदार. शेवटी हात वर करून मतं घेतली. धाकट्याने दोन्ही हात वर केले. करबुडे मंजूर झाला. रत्नागिरीच्या अलीकडे त्या कप्प्यात जो हशा पिकला तसा मी घरातल्या कार्यातही क्वचित ऐकला आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून बोलायची आहे. धाकटा सहा महिन्यांचा असताना मी एसटीने येत होते. एका स्थानकावर गाडी बदलायची होती, तो भुकेने कळवळत होता. आपल्या एसटी स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष आहेत. बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलं आहे, हे मला फार आवडतं. त्या दिवशी कक्षाला कुलूप होतं. तेव्हा एका फुलवालीने आपल्या टोपल्या सरकवून मला भिंतीकडे तोंड करून बसायला जागा केली आणि स्वतः पाठमोरी आडोसा धरून उभी राहिली. रेल्वेने २०२२ साली लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडायचा बाळाचा छोटा बर्थ लावून पाहिला होता. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं त्यांनी कधीतरी तान्हं घेऊन रात्रीचा प्रवास केला असणार, असं मला वाटतं. अशा गोष्टी कुलपाबाहेर, माणसांच्या हाताशी असाव्यात.

तर आम्ही कुडाळला पोहोचलो. आईने स्टेशनवरच डबा मागितला, बेसनाच्या लाडवांची ती वर्षभर वाट पाहते. मी काही बोलायच्या आत तिने झाकण उघडलं. मी स्वतःही थक्क झाले. ज्यांनी ज्यांनी लाडू घेतला होता त्यांनी आम्ही उतरेपर्यंत त्या डब्यात काही ना काही ठेवलं होतं. थेपले होते, आजींच्या पिशवीतली फणसपोळी होती, चकल्या, दोन चिकू, एक अर्धा बिस्किटाचा पुडा. "ह्यां काय गो?" आई म्हणाली. धाकटा तिला सांगत होता, "मी विकलं."

माहेरचे दिवस भराभर गेले. त्यातला एक आंबोलीच्या एसटीत गेला. सावंतवाडीहून घाट चढताना कंडक्टरकाकांनी काळजीने विचारलं, "हिला गाडी लागते काय?" थोरली म्हणाली, "नाही, मला गाडी नाही लागली, मला दार लागलं," आणि कोपर पुढे करून दाखवलं. सगळे हसले खरे, पण तिसऱ्या वळणावर तिला गाडीही लागली. चूक माझी होती, मी तिच्या हातात मोबाईल दिला होता. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, ती मेंदूला सांगते आपण हलतोय. मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. पुढच्या बाजूची जागा, उघडी खिडकी आणि लांबच्या डोंगरावर नजर, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. औषध द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारून.

त्याच घाटात माझा भाऊ लहानपणी केलेला पराक्रम आजही सांगतो. एसटीत दोरीला बांधलेली घंटी असायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एका थांब्यावर कंडक्टर नोंद करायला खाली उतरले होते, आणि मामाच्या खांद्यावर बसलेल्या माझ्या भावाने दोन टोले दिले. गाडी निघाली. कंडक्टर मागून धावताहेत, गाडीतली माणसं "होऽ होऽ" ओरडताहेत. मामाने घाबरून त्याचा हात ओढला, त्यात तिसरा टोला पडला आणि गाडी थांबली.

परतीच्या गाडीत टीसी वेगळे होते. त्यांच्या हातात कागद नव्हता, टॅबलेट होता. त्यांनी त्यावर पाहून थोरलीचं नाव घेतलं. ती ताडकन उभी राहिली आणि बालवाडीत म्हणतात तसं म्हणाली, "हजर!" टीसींनीही तितक्याच गांभीर्याने मान डोलावली. ते पुढे गेल्यावर तिने विचारलं, "माझी जागा कुठली?" मी सांगितलं, अर्ध्या तिकिटाला वेगळी जागा नसते. तिने थोडा विचार केला. माझी ओढणी घेतली, माझ्या बर्थवर बरोबर मध्यावर आडवी अंथरली आणि म्हणाली, "अर्धं तिकीट, अर्धी जागा. तू तिकडे."

रत्नागिरी सुटली तेव्हा ती ओढणी ओलांडून माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मुठीत डायरीचं ते पान, आता चुरगळलेलं. करबुड्याचा बोगदा आला, डबा अंधारला, आवाज घुमायला लागला. ताई झोपलेली पाहून धाकटा खिडकीशी सरकला आणि त्याने एक बोट मिटलं.

"एक," तो म्हणाला.

बराच वेळाने उजेड आला. मग पुढचा बोगदा लागला.

"एक," तो पुन्हा म्हणाला.