दीड हजारांवरून पंचवीस हजारांवर

[दृश्य: कुर्ला स्थानक, सकाळची गर्दी. कॅमेरा माणसांवरून वर सरकत पँटोग्राफवर थांबतो.]

गाडीत शिरताना मान वर करून बघायला सवड कुणाला असते? पण टपावरचा पँटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा सांगाडा, ज्या तारेला घासत चाललाय, तिच्यात २५,००० व्होल्ट आहेत.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी सुटली, तेव्हा तारेत होते १,५०० व्होल्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. हा आकडा मुंबईने नव्वदएक वर्षं सांभाळला. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये तो सोडला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये आणि हार्बरने सगळ्यांत शेवटी, २०१६ मध्ये.

[दृश्य: ओव्हरहेड वायर आणि पँटोग्राफ, अगदी जवळून. मधूनच ठिणगी.]

१,५०० व्होल्ट याचा अर्थ असा: तारेतून गाडीत येऊन रुळांवाटे परत जाणारा एकेक कूलंब विद्युतभार १,५०० जूल ऊर्जा देऊन जातो. शाळेच्या पुस्तकात याला विभवांतर म्हणतात. शंभर ग्रॅमचं वजन मीटरभर उचलायला साधारण एक जूल लागतो. आणि कूलंब? ६२४ वर सोळा शून्यं द्या, जवळपास तेवढ्या इलेक्ट्रॉनांचा भार.

व्होल्ट म्हणजे ऊर्जा नव्हे, ऊर्जेचा भाव. दर कूलंबामागे किती जूल, एवढंच तो सांगतो. एकूण ऊर्जा काढायची तर कूलंब किती गेले हेही कळायला हवं.

समजा, स्टेशनातून सुटताना लोकलला ३० लाख वॅट लागले. म्हणजे सेकंदाला ३० लाख जूल. १,५०० च्या भावाने त्यासाठी दर सेकंदाला २,००० कूलंब, म्हणजे २,००० अँपियर. २५,००० च्या भावाने फक्त १२०. तार तापण्यात वाया जाणारी ऊर्जा मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार तीच ठेवली, तर जुन्या पद्धतीत ही नासाडी सुमारे २७८ पट. म्हणून तर डीसीच्या काळात जाडजूड तांब्याच्या तारा लागायच्या आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन.

[दृश्य: जुना रंगीत टीव्ही, मागचं झाकण काढलेलं.]

आता हा डबा बघा. काचेच्या पिक्चर ट्यूबवाल्या रंगीत टीव्हीच्या आतही २५,००० च्या आसपास व्होल्ट असायचे. त्यातून पडद्यावर आदळणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला २५,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळायची. एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टमुळे मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. भौतिकशास्त्रज्ञ अणूंचे हिशेब याच एककात मांडतात, कारण एका इलेक्ट्रॉनसाठी जूल फारच मोठं माप. पण टीव्हीतला प्रवाह मिलिअँपियरभर. गुणाकार केला की २५ वॅट. व्होल्ट लोकलएवढेच, आणि ऊर्जा एका छोट्या बल्बची!

म्हणून व्होल्टला घाबरायचं नाही असं मात्र नाही. लोकलच्या तारेमागे अख्खं सबस्टेशन उभं आहे, हवे तेवढे कूलंब पुरवायला. शिवाय हा एसी आहे, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज. २५,००० हा त्याचा परिणामी आकडा, म्हणजे तेवढंच काम करणाऱ्या डीसीच्या तोलाचा. प्रत्येक लहरीच्या माथ्यावर तो ३५,००० पर्यंत चढतो. टपावर चढलेल्याने तारेला हात लावायचीही गरज नसते, हवेतूनच ठिणगी पडते. तारेपासून दोन मीटर लांब राहा, असं रेल्वे सांगते ते याचसाठी.

[दृश्य: घरातलं वीजमीटर, बदलणारे आकडे.]

बिलावर जूल दिसत नाही, युनिट दिसतं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख जूल. आपल्या लोकलने ३० लाख वॅटचा जोर मिनिटभर लावला की ५० युनिट खलास. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराची ही पंधरा दिवसांची वीज.

त्यातली थोडी परतही येते. नव्या लोकलमध्ये मोटरमनने ब्रेक लावला की मोटरच जनित्र बनते आणि वीज उलट तारेत सोडते. डीसी असताना ती घ्यायला जवळपास दुसरी गाडी धावत असावी लागे, कारण सबस्टेशनमधले रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारी यंत्रं, एकाच दिशेने वीज सोडत. एसीच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही दिशा चालतात. त्यामुळे आता शेजारी गाडी नसली तरी ही वीज सबस्टेशनमधून मागे, थेट ग्रिडमध्ये जाऊ शकते.