खर्जाची जागा

(पडद्यावर: अंधुक उजेडातली खोली. सोफ्याच्या बैठकीवर सबवूफर ठेवलेला. एक माणूस भिंतीच्या कडेनं गुडघ्यांवर रांगतो आहे.)

जिथे आम्ही बसतो, त्या सोफ्यावर आज सबवूफरची, म्हणजे फक्त खर्ज, खालचे जाड सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, पेटी बसली आहे. आणि पेटी जिथे ठेवायची, त्या भिंतींच्या कडेनं मी रांगतो आहे. पेटीतून खर्जाचा एकच तुकडा फिरून फिरून वाजतोय. दर दोन फुटांवर थांबायचं, कान पेटीच्या उंचीवर आणायचा आणि ऐकायचं. या कोपऱ्यात आवाज घुमतो. इथे पातळ झाला. खिडकीखाली एकेक ठोका सुटा ऐकू येतो. तिथे फरशीवर चिकटपट्टीची फुली मारायची आणि पुढे सरकायचं.

यामागे साधं तत्त्व आहे. हेल्महोल्ट्झ आणि रॅले या भौतिकशास्त्रज्ञांनी ते एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. आवाजाचा उगम आणि ऐकणारा कान यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी त्या दोघांमधला परिणाम बदलत नाही. म्हणून बारा जागी पेटी उचलून नेण्यापेक्षा एकदाच ती सोफ्यावर चढवायची आणि आपण फिरायचं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर घरातली दोन वर्षांची कुरबुर वाचली असती.

(पडद्यावर: दिवसाच्या उजेडात तीच खोली. पडदा, मधोमध सोफा, मागच्या भिंतीला दिवाण.)

खोली पंधरा फूट लांब, अकरा फूट रुंद, उंची साडेनऊ. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अशी एक जास्तीची खोली निघाली, की तिचं काय करायचं यावर घरात बराच काथ्याकूट होतो. आमच्याकडे सिनेमा जिंकला. बारा इंची सबवूफर आणला. दुकानदार म्हणाला, "कोपऱ्यात ठेवा, दणका येईल." ठेवला.

पहिल्याच रात्री विमान कोसळण्याचा प्रसंग लागला. मागे दिवाणावर बसलेली आई म्हणाली, "अरे, छातीत धडधडतंय माझ्या, कमी कर ना जरा." माझ्या शेजारी सोफ्यावर बसलेली बायको म्हणाली, "कमी काय? मला तर काहीच जाणवलं नाही." दोघींमध्ये अंतर जेमतेम सात फुटांचं. आणि दोघीही खरंच सांगत होत्या.

(पडद्यावर: खोलीचं रेखाचित्र. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हलणारी लाट.)

आवाज हवेत सेकंदाला साधारण 344 मीटर धावतो. 80 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 80 कंपनांच्या, सुराची एक लाट जवळपास चौदा फूट लांब असते. 20 हर्ट्झची छप्पन्न फूट. म्हणजे खोल खर्जाची लाट आमच्या खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आदळते, परत फिरते आणि स्वतःलाच भेटते. लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी झाली, की येणारी आणि जाणारी लाट मिळून जागच्या जागी झुलू लागते. भिंतीपाशी दाब सगळ्यात जास्त, बरोबर मध्ये जवळपास शून्य.

आमच्या खोलीत लांबीच्या दिशेनं हे 38 हर्ट्झच्या आसपास होतं आणि पुन्हा 75 ला. रुंदीच्या दिशेनं 51 ला. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये 59 ला. टेप घ्या, खोली मीटरमध्ये मोजा आणि 172 ला, म्हणजे 344 च्या निम्म्याला, त्या आकड्यानं भागा. तुमच्या खोलीचे सूर तुम्हाला मिळतील.

सोफा बरोबर मध्यावर होता. 38 हर्ट्झचा आवाज तिथे मरत होता आणि दिवाणापाशी उसळत होता. बायको नॉब वाढवायला सांगायची, आई कमी करायला, आणि मी पेटीच बदलायच्या विचारात होतो.

इथे आपल्या घरांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या घरांत आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खर्ज आदळला की त्या किंचित लवतात आणि थोडा आवाज पचवतात, थोडा पलीकडे सोडतात. आपल्याकडे विटांची भिंत, वर खाली काँक्रीटचा स्लॅब. लवायचं नावच नाही. त्यामुळे आपल्या खोल्यांत घुमणं जास्त घुमतं आणि मेलेली जागा जास्त मेलेली असते. तिकडचे सल्ले जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. भिंतीवर दोन इंची फोम चिकटवूनही खर्जाला काही होत नाही. टाळीचा खणखणाट जाईल, 38 हर्ट्झ हसत निघून जाईल.

पण याच काँक्रीटचा एक फायदाही आहे. दारं-खिडक्या बंद असलेल्या लहान खोलीत, सगळ्यात खालच्या सुराच्याही खाली, खोली स्वतःच दाब धरून ठेवते. तिथे पेटीला मदत मिळते.

(पडद्यावर: दोन पेट्या शेजारी शेजारी. एकीला गोल भोक, एकीला नाही.)

पेटी निवडताना हा मुद्दा कामाला येतो. सीलबंद पेटी खाली जाताना आवाज हळूहळू सोडते, एका सप्तकाला 12 डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप). पोर्टवाली, म्हणजे भोक असलेली, पेटी तिच्या ठरलेल्या सुरापर्यंत जोरात साथ देते, मग मात्र 24 डेसिबलच्या उतारानं कोसळते. लहान, बंद, काँक्रीटच्या खोलीला सीलबंद पेटी शोभते, कारण तिचा उतार आणि खोलीची मदत एकमेकांना भरून काढतात. हॉल स्वयंपाकघराला आणि पॅसेजला उघडा असेल, तर ती मदत गळून जाते. तिथे सगळ्या उघड्या जागेची हवा हलवायची असते. तिथे पोर्टवाली मोठी पेटी घ्यावी, असं माझं मत आहे.

आकाराचा हिशेब निर्दय आहे. तेवढ्याच जोरानं एक सप्तक खाली जायचं, म्हणजे 40 वरून 20 हर्ट्झवर, तर चौपट हवा ढकलावी लागते. स्पीकरच्या आठ इंची पडद्यापेक्षा बारा इंचीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट. म्हणून खोक्यावर छापलेले पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, वॅट वाचू नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा, पडदा किती इंची ते विचारा, आणि पेटी खाली कुठपर्यंत किती डेसिबलच्या घटीनं जाते ते विचारा. ही घट सांगितली नसेल, तर "20 हर्ट्झ" या आकड्याला काही अर्थ नाही.

(पडद्यावर: रेखाचित्रावर चार भिंतींच्या मध्यांवर ठिपके उजळतात.)

हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी 2002 साली एक निबंध मांडला. प्रश्न साधा होता: सबवूफर किती असले म्हणजे पुरे? त्यांनी आयताकृती खोलीत वेगवेगळ्या संख्येनं आणि जागांनी सबवूफर मांडून पाहिले, बरेचसे संगणकावर. चार भिंतींच्या मध्यांवर चार पेट्या, ही मांडणी फार चांगली ठरली. चाराच्या पुढे जाऊन विशेष काही मिळत नव्हतं. आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर नुसत्या दोन पेट्याही तिच्या बऱ्याच जवळ जात होत्या.

हे वाचलं, आणि मला झोपाळा आठवला. झोपाळ्याला एका बाजूनं ढकललं की तो झुलतो. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून एकाच क्षणी, एकाच जोरानं आपापल्या बाजूनं ढकललं, तर तो जागेवरून हलत नाही. पुढच्या आणि मागच्या भिंतीवरच्या पेट्या 38 हर्ट्झच्या झोक्याला तसंच करतात. झोका थांबतो आणि दाब खोलीभर एकसारखा वरखाली होतो. शिवाय दोन्ही पेट्या रुंदीच्या मध्यावर असल्या, तर 51 हर्ट्झचा सूर जागाच होत नाही, कारण त्याची मेलेली जागा नेमकी तीच.

मग मी बारा इंची कोपऱ्यातून काढला. तशीच दुसरी पेटी जुन्या बाजारात मिळाली. एक पडद्याखाली मधोमध, दुसरी मागच्या भिंतीला, दिवाण सरकवून. सोफा मध्यावरून मागे आणला, मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर. पंधरा फुटांचा तो एक तृतीयांश. तिथे 38 आणि 75 दोन्ही मेलेले नसतात आणि उसळलेलेही नसतात.

मागच्या पेटीला वायर नेणं हे खरं त्रासाचं काम. स्कर्टिंगच्या कडेनं दहा मीटरची केबल, दाराच्या चौकटीला वळसा. चालू केल्यावर एक अखंड गुणगुण सुरू झाली. आपल्या घरच्या विजेची 50 हर्ट्झची. दोन पेट्या दोन वेगळ्या बोर्डांवर होत्या, अर्थिंगची फेरी तयार झाली होती. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्या आणि गुणगुण थांबली.

(पडद्यावर: तिवईवर मापनाचा माइक, लॅपटॉपवर वर-खाली जाणारी रेघ.)

आता मोजणी. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माइक विकत घ्यावा लागतो. सोफ्याच्या तीन जागा आणि आईची जागा, चारही ठिकाणी माइक ठेवून मोजलं. पहिल्यांदाच प्रत्येक सुराचा जोर दाखवणाऱ्या चारही रेघा एकमेकींच्या अंगावर टेकलेल्या दिसल्या. 75 च्या आसपास एक उंचवटा उरला होता, तो ईक्यूनं, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीनं, खाली दाबला.

ईक्यूबद्दल एवढंच लक्षात ठेवा: उंचवटा कापता येतो, खड्डा बुजवता येत नाही. मेलेल्या जागी 10 डेसिबल वाढवले, तर ॲम्पला दहापट ताकद लागते आणि लाटा तरीही एकमेकींना मारतातच. खड्डा बुजवायला पेटी हलवावी लागते, नाहीतर माणूस.

बाकीची मांडणी सोपी. रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, सगळे स्पीकर "स्मॉल" ठेवायचे, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झ. त्याच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तर पेटी मागे ठेवली तरी विमान समोरच कोसळतं. सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र पूर्ण वर, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो. खिडकीच्या सरकत्या काचा थरथरत होत्या, फटीत फेल्टच्या पट्ट्या बसवल्या. लोखंडी कपाटाची कडी अजून कधीकधी बोलते.

(पडद्यावर: जिना. खालच्या मजल्याचं दार.)

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी कधी भांडण केलं नाही. एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमचा सिनेमा आमच्या शोकेसमध्ये वाजतो हो." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या 'ए' मापानं मोजतात, ते 40 हर्ट्झचा आवाज जवळपास 35 डेसिबलनं कमी धरतं. म्हणजे मीटर गप्प राहील आणि काकांच्या कपबश्या वाजत राहतील. कायद्याच्या आकड्यात बसणं इथे पुरेसं नाही. पेटीखालच्या रबरानं फरशीत उतरणारी थरथर कमी होते, पण हवेतून स्लॅबला बसणारा दाब रबर अडवत नाही. तो कमी करायचा तर आवाजच कमी करायला हवा.

आता ते जमतं. सोफ्यावर खर्ज पोचत नव्हता, म्हणून मी इतकी वर्षं नॉब चढवत होतो. तो पोचायला लागला आणि दोन्ही नॉब खाली आले.

मागच्या रविवारी काकांना विचारून त्यांच्या घरी गेलो. वर बायकोनं तोच विमानाचा प्रसंग लावला. मी शोकेसच्या काचेला हात लावला, काकांनीही लावला. काच बारीकशी थरथरली. फोनवर बायकोला सांगितलं, दोन्ही पेट्या अजून थोड्या कमी कर आणि परत लाव. पुन्हा हात लावला. काका म्हणाले, "आता नाही."

वर येऊन दोन्ही नॉबांना त्या जागी पेन्सिलीनं खूण केली.