मंचावरचा समुपदेशक

(दृश्य: मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, रात्र. गावाबाहेरचा मंडप, बाहेर बैलगाड्या, मोटारसायकली.)

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. चादरी पांघरून बसलेल्या गावाला पहाटे तीन वाजता जागं ठेवायचं, ही विनोदी नटाची जबाबदारी. आता विंगेतून खोकत येणारे हे नट मानसशास्त्रात एम.ए. आहेत. गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणतं. 'डॉक्टर नाही जी मी,' हे सांगून सांगून ते थकले.

२०१५ साली सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. हे यवतमाळला समुपदेशक झाले. आशाताई, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविका, प्रश्नावली घेऊन घरोघरी जायच्या. उत्तरं काळजीची वाटली की मागोमाग हे. कपाशीवर बोंडअळी, दारात सावकार, आणि 'झोप लागते का?' असं विचारलं की घरधनी उखडायचा, 'मले पागल समजता का जी?'

मग आमचे समुपदेशक हातातले कागद मिटायचे आणि येताना चिखलात गाडीसकट कसे आडवे झालो, ते सांगायचे. साभिनय. माणूस हसायचा, चहा सांगायचा. बोलणं त्यानंतर.

(दृश्य: वडसा, नाटक कंपन्यांच्या पाट्या.)

कंत्राट संपलं, ते घरी परतले. वडसा, कागदोपत्री देसाईगंज, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. धान निघालं, दिवाळी झाली की होळीपर्यंत इथे उसंत नसते. तालमी थोड्या, भिस्त प्रॉम्प्टरवर, आणि मिळालेल्या हशावर संवाद लांबवायची मुभा. घरच्यांना मात्र हे पटलं नव्हतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्याच परशुराम खुणे या नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हा टोमणे कमी झाले. थोडेसेच.

यवतमाळच्या कुठल्याही घरातली गोष्ट त्यांनी मंचावर आणलेली नाही. आमच्या कॅमेऱ्यासमोर नाव सांगायलाही ते त्याचसाठी तयार नव्हते. हसण्याने आजार बरा होतो, असलं ते म्हणत नाहीत. आम्हालाही ते पटत नाही. प्रयोगानंतर कुणी बाजूला घेऊन बोललंच, तर ते मेकअप तसाच ठेवून ऐकतात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून देतात, जिल्हा रुग्णालयात जायला सांगतात.

पावसाळ्यात नाटकं बंद, तेव्हा घरची रोवणी. या हंगामात कंपनीने त्यांना सावकाराची भूमिका दिली आहे. बायाबापड्या पुढच्या रांगेतून शिव्या घालतात, आणि हे मान तुकवून वहीत त्याही व्याजासकट मांडून घेतात.