जाणवत नाही ते औषध

(दृश्य : कोजागिरीची रात्र. मंदिराच्या आवारात बसलेले लोक, समोर खिरीची पातेली.)

आश्विन पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक गावांत दम्याचे रुग्ण एकत्र जमतात आणि चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दिलेले औषध घेतात. मृग नक्षत्र लागताना जिवंत माशाच्या तोंडातून औषध गिळण्यासाठी हैदराबादला जाणाऱ्यांमध्येही मराठी कुटुंबे असतात. त्यांना नावे ठेवण्यासाठी हे चित्रण केलेले नाही. रात्री तीन वाजता उशाशी बसून ज्यांनी आपल्या लेकराची धाप पाहिली आहे, ते आईवडील उपाय शोधण्यासाठी कोठेही जातील.

तरीही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दमा हा मुळातच चढउतारांचा आजार आहे. पावसाळा सरताना हवा बदलते तेव्हा अनेकांचा दमा उसळतो आणि काही आठवड्यांनी पुष्कळदा तो आपोआप ओसरतो. मग त्या ओसरण्याचे श्रेय आधी जे काही घेतले असेल त्याला मिळते.

(दृश्य : श्वासनलिकेचे रेखाचित्र.)

दमा ओसरला म्हणजे गेला, असे मात्र नसते. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नलिकांच्या आतील अस्तराला सूज असते आणि धाप नसलेल्या दिवसांतही ती तेथे राहू शकते. अशा हळव्या झालेल्या नलिकांना धूर, धूळ, गारठा किंवा साधी सर्दी पुरेशी होते : भोवतालचे स्नायू आवळले जातात, चिकट कफ साचतो आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण होते. छातीतून येणारी ती बारीक शिट्टी अरुंद वाटेतून निघू पाहणाऱ्या हवेची असते.

हे निमित्त प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाला कोकणातल्या ओल धरलेल्या भिंतीवरील बुरशी, कोणाला मळणीची धूळ किंवा चुलीचा धूर, तर कोणाला १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेल्या आणि आता बांधाबांधावर माजलेल्या गाजरगवताचे परागकण सोसत नाहीत. म्हणून केळे, दही आणि भात सरसकट बंद करून वाढत्या वयाच्या मुलाचे जेवण तोडण्याऐवजी, त्रास नेमका कशाने आणि केव्हा होतो याची वहीत नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

(दृश्य : टेबलावर ठेवलेले दोन पंप, म्हणजे औषध श्वासावाटे ओढण्याचे इनहेलर.)

बहुधा निळ्या रंगाचा असणारा पहिला पंप आवळलेले स्नायू सैल करतो आणि काही मिनिटांतच मोकळे वाटू लागते. दुसऱ्या पंपात अगदी अल्प मात्रेत स्टिरॉइड असते. तो ओढल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही, पण रोज घेतल्यास आतली सूज हळूहळू उतरते. दम्याची खरी अडचण येथेच आहे, कारण ज्या औषधाचा परिणाम जाणवतो त्यावर आपला विश्वास बसतो आणि जाणवत नाही ते औषध बरे वाटताच आपण बंद करतो. निळ्या पंपाचे २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे वर्षभरात संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. केवळ त्या पंपावर भागवू नये, असे प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांबाबत जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९पासून सांगत आहेत. अलीकडे अनेकांना दोन्ही कामे करणारा एकच पंप दिला जातो.

“पंपाची सवय लागते” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वास्तविक, निळ्या पंपात बहुधा जे औषध असते त्या सालब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेवढे औषध असते, तेवढ्यात पंपाचे ४० फवारे होतात. गोळी रक्तातून सर्व शरीरभर फिरते, तर फवारा जेथे दुखणे आहे तेथेच पोहोचतो.

मुलीच्या बाबतीत ही भीती अधिक खोल जाते. स्थळे पाहायला सुरुवात झाली की पंप कपाटात जातो आणि लग्नानंतर सासरी कोणाला दिसू नये म्हणून न्हाणीघरात लपून ओढला जातो किंवा ओढलाच जात नाही. भारतात जगातील सुमारे १३ टक्के दमेकरी आहेत, मात्र दम्याने होणारे ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू येथे होतात, असा अंदाज आहे. या तफावतीत लपवलेल्या पंपांचाही वाटा आहे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : रात्र. दिवा लागलेली एकच खिडकी.)

धाप लागलेल्या माणसाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्याला आडवे न करता टेकून बसवावे, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) निळ्या पंपाचा एकेक फवारा द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धाप तशीच असताना छातीतील शिट्टी अचानक थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नसून हवा जवळजवळ आत जातच नसल्याचे लक्षण असते.

(दृश्य : सकाळ. बेसिनजवळची फळी.)

स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी लागते, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. त्यामुळे त्याची सोयीची जागा दात घासण्याच्या ब्रशशेजारी आहे, जेथे तो घरातल्या सर्वांना दिसतो.