सीनियर नाइटची फ्रेम म्हणजे रिटायर झालेला नंबर नव्हे!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. फोटोत पोरगा, शेजारी आई-बाबा, हातात फ्रेम केलेली जर्सी, आणि खाली कमेंट: "वा, जर्सी रिटायर केली का?" म्हणजे तो नंबर आता कायमचा बंद का? नाही केली हो! आज हे एकदाचं मिटवू.

आधी झटपट माहिती. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या कोर्टवरची शेवटची साखळी मॅच, फेब्रुवारीअखेर नाहीतर मार्चच्या सुरुवातीला, ती सीनियर नाइट. दुपारी असली की सीनियर डे. शेवटच्या वर्षाचे खेळाडू घरच्यांसोबत कोर्टच्या मध्यावर येतात. कोचची मिठी, आईला फुलं, फोटो. दहावीचा सेंड-ऑफ समजा, फक्त लगेच मॅच खेळायची असते.

आता फ्रेम. बहुतेक ठिकाणी ती प्रत्येक सीनियरला मिळते, चार वर्षं बेंचच्या टोकाला बसलेल्यालासुद्धा. ती घरी जाते, हॉलमध्ये लागते, आणि पुढच्या सीझनला तोच नंबर घालून नवा पोरगा उतरू शकतो. रिटायर म्हणजे तो नंबर पुन्हा कुणालाच नाही.

पटत नाही? आयोवा विद्यापीठाची स्टार केटलिन क्लार्क घ्या. ३ मार्च २०२४, आयोवाचा सीनियर डे, समोर ओहायो स्टेटची टीम. पोरीने ३५ पॉइंट मारले आणि पीट मॅराविच या जुन्या खेळाडूचा कॉलेज कारकिर्दीतला ३,६६७ पॉइंटचा विक्रम मागे टाकला. त्या दिवशी तिचा २२ नंबर रिटायर झाला? नाही! तो झाला २ फेब्रुवारी २०२५ ला. क्लार्कला थांबावं लागलं, तर तुमच्या भाच्याच्या रूममेटचा नंबर त्याच रात्री कसा रिटायर होईल?

आता उलटं बघा. स्टीफन करी २००९ मध्ये तिसऱ्या वर्षानंतर डेव्हिडसन कॉलेज सोडून एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेला. सीनियर नाइट झालीच नाही. डेव्हिडसनचा नियम असा की पदवीधर असाल तरच नंबर रिटायर. गड्याने २०२२ मध्ये डिग्री पूर्ण केली, मग ऑगस्टमध्ये ३० नंबर रिटायर झाला. मायकल जॉर्डननेही १९८४ मध्ये तिसऱ्या वर्षानंतरच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ सोडलं, तरी त्याचा २३ तिथे रिटायर आहे. आणि याच नॉर्थ कॅरोलिनात काही जर्सी मानाने छताला टांगल्यात, पण ते नंबर आजही पोरं घालतात. टांगली म्हणजेही रिटायर नाही! झालं?

एकाने लिहिलंय, "जो खेळलाच नाही त्याला कशाला फुलं?" यावर मात्र माझं डोकं फिरतं. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिप नसलेला खेळाडू. पहाटेची प्रॅक्टिस तीच, धावणं तेच, मॅचमध्ये मिनिटं जवळपास शून्य. डीन स्मिथ, नॉर्थ कॅरोलिनाचे १९६१ ते १९९७ कोच, सीनियर डेला सगळ्या सीनियर्सना सुरुवातीच्या पाचात उतरवायचे, वॉक-ऑनसकट. एका वर्षी सीनियर निघाले सहा. कुणाला बसवणार? त्यांनी सहाही जण कोर्टवर उभे केले आणि टेक्निकल फाऊल घेतला. समोरच्या टीमला फुकटचा फ्री थ्रो, चालेल म्हणाला माणूस!

आमच्या जवळच्या एका छोट्या कॉलेजात बघितलेलं सांगतो. एका वॉक-ऑनच्या आजीने फ्रेम उलटी धरली होती, प्रेक्षकांना दिसतोय नुसता मागचा तपकिरी पुठ्ठा आणि टांगायची तार. नातू खुणा करतोय, आजी हात हलवतेय. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच.

आणि हो, "याची गेल्या वर्षीच सीनियर नाइट झाली होती ना?" शक्य आहे. कोविडमुळे एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, २०२०-२१ च्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं, त्यामुळे काहींच्या दोन-दोन झाल्या. दुसऱ्या वेळी आई-बाबा पुन्हा विमानाचं तिकीट काढून आले, त्यांना विचारा कसं वाटलं!

जाणार असाल तर वेळेआधी पोहोचा, कार्यक्रम बहुतेक ठिकाणी मॅचच्या आधी उरकतात. इंडियाना विद्यापीठात मात्र सीनियर्सची भाषणं मॅच संपल्यावर असतात, तिथे पार्किंगकडे पळू नका.