मूद आणि मूड

नमस्कार श्रोतेहो! भाताची मूद ताटातून गेली की माणसाचा मूड कुठं जातो, त्याबद्दल आज थोडं बोलू या.

‘किटो’ हा शब्द जिममधून निघाला आणि बघता बघता आपल्या स्वयंपाकघरात शिरला. भात-पोळी बंद, तूप, अंडी, पनीर, मटण सुरू. खरं तर हा आहार वजनासाठी नव्हताच. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला होता.

पहिल्या महिन्यात किटोवाले भलतेच खुशीत असतात. पट्टा एक भोक आत जातो, भेटेल तो विचारतो, "काय, बारीक झालास!" पुढे काय होतं, ते ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या संशोधकांनी वर्षभर पाहिलं. 2009 मध्ये ते छापून आलं. 106 लठ्ठ माणसं, दोन गट. एकाला पिष्ट पदार्थ जवळजवळ वर्ज्य, दुसऱ्याला तेला-तुपावर लगाम. उष्मांक दोघांना सारखेच. वर्षअखेर वजनही सारखंच उतरलं, सरासरी 13.7 किलो. म्हणजे आरशापुढचं समाधान दोघांना तेवढंच!

पहिले आठ आठवडे दोघांचीही मनं खुलली. नंतर मात्र वाटा फुटल्या. तेल-तूप कमी केलेल्यांची खुशी टिकली. पिष्ट सोडलेल्यांची ओसरत ओसरत पुन्हा मूळच्या जागी आली. स्मरणशक्तीला मात्र कुठल्याच गटात धक्का लागला नाही.

असं का व्हावं? एक अंदाज सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूतल्या मूड सांभाळणाऱ्या रसायनाचा. ते ट्रिप्टोफॅन नावाच्या ज्या घटकापासून बनतं, त्याला मेंदूत शिरायला पिष्ट पदार्थांची मदत होते. दुसरा अंदाज साधा, आणि मला तोच जास्त पटतो: चारचौघं पाव-पास्ता खात असताना वर्षभर वेगळं ताट घेऊन बसणं जड जातं.

मी स्वतः चार महिने हे करून पाहिलंय. तिसऱ्या महिन्यात एका मुंजीला गेले होते. पंगतीत वाढपी आला, मी पानावर हात आडवा धरला. भात गेला, वरण गेलं, जिलबी गेली. पानात उरली काकडीची कोशिंबीर. शेजारच्या मावशी काळजीनं वाकून म्हणाल्या, "अगं, पोट बिघडलंय का तुझं?"

मी नुसती मान हलवली. आणि घरी येऊन, कारण नसताना, नवऱ्यावर खेकसले.