चाळीस मायक्रॉनचे भांडवल

श्रोतेहो,

नव्या गाडीच्या विम्याचे आणि नोंदणीचे कागद आटोपले, की शोरूममधला विक्रेता रंग जपण्याविषयीचा शेवटचा प्रश्न विचारतो: "कोटिंग करून घेणार ना?" तोवर आपण काही लाखांचा हिशेब पचवलेला असतो आणि त्या भरात आणखी पंधरा-वीस हजार फारसे खुपत नाहीत. मी नोकरीची बहुतेक वर्षे मोटारींच्या रंगविभागात काढली. त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी उत्तराऐवजी उलट प्रश्नच विचारतो म्हणून थोडे नाराजही होतात. गाडी रात्री कुठे उभी राहते, ती रोज कोण पुसते आणि ती तुम्ही किती वर्षे ठेवणार आहात, हे समजल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

आधी आपण नेमके कशाचे रक्षण करतो ते पाहू. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा संस्कार होतो, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट येतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा सातवा-दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची चकाकी याच थरात असते आणि उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्येही यातच मिसळलेली असतात. ओरखडे घालवण्यासाठी केलेले प्रत्येक बफिंग या थरातून एकदोन मायक्रॉन खरवडून नेते. ओरखडा भरून निघत नाही, आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणूनच दर दिवाळीला हौसेने 'रबिंग-पॉलिश' करणारा मालक मुद्दलात हात घालत असतो, आणि टपावर व बॉनेटवर पांढरे पापुद्रे दिसू लागले, की कंपनीच्या रंगाला नावे ठेवतो.

या थराचा सर्वांत मोठा शत्रू ऊन असावे अशी समजूत आहे, पण आपल्या शहरांतला मोठा शत्रू म्हणजे ओले फडके. सोसायटीत सकाळी सहा वाजता एक माणूस एक बादली आणि एक फडके घेऊन वीस गाड्या पुसतो. पाचव्या गाडीपर्यंत त्या पाण्यात आदल्या चार गाड्यांची धूळ उतरलेली असते, आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. ते कण ओल्या फडक्याखाली दाबून फिरवले, की क्लिअर कोटवर बारीक वर्तुळाकार रेषा उमटतात. पांढऱ्या गाडीवर त्या जाणवत नाहीत, काळ्या गाडीवर मात्र सूर्य वर आला, की कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे दिसते. त्या माणसाचा यात दोष नाही. महिन्याला काही शे रुपयांत प्रत्येक गाडीला दोन बादल्या पाणी आणि धुतलेले मायक्रोफायबर कापड कोण देणार? गाडी रोज पुसलीच पाहिजे हा हट्ट आपला आहे.

आता पर्यायांकडे वळू. मेणाविषयी फार बोलण्याची गरज नाही. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण सुंदर खोल झळाळी देते, परंतु आपल्याकडच्या उन्हा-पावसात ते काही आठवड्यांतच संपते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट, म्हणजे मेणासारखेच रंगावर चोळायचे संरक्षक द्रव्य, काही महिने टिकते, स्वस्त असते आणि घरी लावता येते. 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने जे विकले जाते ते बहुधा याच जातीचे असते. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तव्यावर ते भट्टीतल्या उष्णतेने बसवतात. रंगवलेल्या गाडीचा तवा करता येत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

सिरॅमिक कोटिंगचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे, कारण ते खरोखर उपयोगी आहे आणि तरीही चुकीच्या कारणासाठी विकले जाते. सिलिकाच्या संयुगांचा हा थर रासायनिक रीतीने रंगाला चिकटतो, पाणी त्यावर थेंबाथेंबांनी घरंगळते, चिखल सहज सुटतो आणि पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लाला काही काळ अडवले जाते. परंतु त्याची जाडी साधारण एखाददुसरा मायक्रॉन असते. जाहिरातीत 'नाइन एच' लिहिलेले असते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, की हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असणार. वास्तविक हा आकडा खनिजांच्या काठिण्याच्या मोहस् मापनीवरचा नसून पेन्सिलच्या शिशाच्या श्रेणीतला आहे. त्याचा अर्थ इतकाच, की चाचणीत 'नाइन एच' पेन्सिलने त्यावर ओरखडा पडला नाही. मोहस् मापनीवर क्वार्ट्झचे काठिण्य ७ आहे, आणि वाळूच्या कणापुढे पेन्सिलचे शिसे काहीच नाही. कोटिंग केले म्हणून सकाळचे फडके निरुपद्रवी होत नाही. आणखी एक उलटी बाब अशी, की बोअरचे क्षारयुक्त पाणी या पृष्ठभागावर थेंबाथेंबांनी उभे राहते आणि उन्हात वाळल्यावर प्रत्येक थेंबाजागी पांढरे वर्तुळ सोडते. ज्यांच्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते त्यांनी पैसे देण्यापूर्वी गाडी धुतल्याबरोबर कोरडी कोण करणार, हे ठरवावे. 'पाच वर्षांची वॉरंटी' बहुधा दरवर्षी पैसे भरून केलेल्या देखभालीवर अवलंबून असते. ती अट वाचूनच सही करावी.

खडीचा मार अडवायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, हाच पर्याय आहे. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सर्व थरांच्या बेरजेहून अधिक असते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. पीव्हीसीची स्वस्त फिल्म मात्र पिवळी पडते आणि कडक होते, म्हणून ती कशाची आहे हे लेखी घ्यावे. अख्ख्या गाडीला ती लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि माझ्या मते बहुतेकांना त्याची गरज नसते. दर आठवड्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याने बंपर, बॉनेट आणि आरसे झाकावेत, कारण तिथे ट्रकच्या चाकांखालून उडालेली खडी पत्र्यापर्यंत पोहोचते. कोकणातल्या मंडळींना तर ते अधिकच लागू पडते. खारी हवा शाबूत क्लिअर कोटचे फारसे बिघडवत नाही, पण टवका उडालेल्या जागी गंज लवकर धरते. सर्वांनी दरवाजाच्या मुठीमागची वाटी तेवढी झाकावी, नखांचे ओरखडे तिथेच जमतात.

जी गाडी गुलमोहराखाली रस्त्यावर उभी राहते, रोज पुसली जाते आणि चार वर्षांत विकली जाणार आहे, तिला मी वर्षातून तीनदा सीलंट लावावे एवढेच सांगेन. उरलेल्या पैशांतून दोन बादल्या आणि अर्धा डझन कापडे घ्यावीत.

मघाशी एका ताईंनी विचारले, की नव्या गाडीचा रंग 'श्वास घेत' असल्याने महिनाभर काही लावू नये, हे खरे का. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून निघतो. तो पहिल्या दिवसापासून तयार असतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाला मात्र काही आठवडे द्यावे लागतात, कारण तिथली भट्टी बरीच थंड असते आणि द्रावक हळूहळू बाहेर पडत राहतो.

त्यांचा दुसरा प्रश्न पूजेचा होता: स्वस्तिकाने रंगाचे काही बिघडते का? दसऱ्याला आणलेल्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, आणि वाळल्यावर ते कुणीतरी कोरड्या हाताने खसाखसा पुसते, म्हणजे पहिला ओरखडा आपणच घरी बोलावतो. फिल्म लावलेली असेल तर हळदीचा पिवळेपणा तिच्यात मुरूही शकतो. आमच्या घरी स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढतात; संध्याकाळी ते पाण्याने विरघळवून घेतो, आणि सासूबाईंची त्याला हरकत नाही.